बांध ओढ्याला मिळतो तिथं

मी जीआयएसमध्ये एमएस्सी करतेय असं सांगितलं की लोक ठरलेले दोन प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे नक्की काय?" मग मी एकदम उत्साहात लेयर, प्रोजेक्शन, सॅटेलाइट असं सुरू करते, तेवढ्यात मधेच दुसरा येतो, "म्हणजे वरून आमचं घर दिसतं का तुला?" दिसतं! मी लगेच लॅपटॉप उघडून दाखवते. स्वतःच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसली की लोक इतके खूश होतात, जशी काही ती मीच बसवून दिलीये.

काकूंनी तिसराच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर द्यायला मी जी धावले, ते मी अजून विसरले नाहीये.

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. वाघोलीत नगर रोडपासून आत त्यांची बिल्डिंग आहे. खाली त्या आणि काका, वर आम्ही भाडेकरू, म्हणजे कॉलेजची पोरं, आयटीवाले आणि माझ्यासारखी यवतमाळकडून आलेली एकटी मुलगी. मुलगा-सून खराडीला राहतात. आता बिल्डिंग आहे तिथे पूर्वी त्यांचा गोठा होता आणि मागे ओढ्यापर्यंत शेत. शेत विकलं, तिथे आता भलीमोठी सोसायटी झालीये, टॉवर, बाग, स्विमिंग पूल, गेटवर वॉचमन, सगळं. माझ्या खिडकीतून ते टॉवरच दिसतात. आकाश बघायचं तर मान वाकडी करावी लागते.

माझा प्रोजेक्टही वाघोलीचाच. सोपं करून सांगते, खरंच सोपं आहे. गावाचा जुना नकाशा असतो ना, प्रत्येक शेताची हद्द काढलेला? तो स्कॅन करायचा आणि आजच्या सॅटेलाइट फोटोवर बरोबर बसवायचा. मग शोधायचं की जुने बांध कुठे गेले, ओढे कुठे गेले. आणि ऐका ना, खूपसे बांध कुठेच गेलेले नाहीत! त्यांच्या कंपाउंडच्या भिंती झाल्यात. एका गल्लीत रस्ता उगाचच वाकडा होतो, सगळे ड्रायव्हर तिथे शिव्या देतात, आणि तो वाकडा का, तर तिथे दोन शेतांमधला बांध तसाच वळत होता. नकाशा आणि फोटो स्क्रीनवर नुसते शेजारी शेजारी ठेवले आणि हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी लॅबमध्ये किंचाळलेच.

असली गोष्ट मी स्वतःपाशी ठेवूच शकत नाही. त्याच संध्याकाळी लॅपटॉप घेऊन खाली गेले. काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"काकू, बघा, तुमचं शेत!"

त्यांनी पदराला हात पुसले आणि वाकून बघायला लागल्या. बोट स्क्रीनला लागू नये म्हणून जरा लांब धरून, हवेतच फिरवत, "ह्यो गोठा. ही आमची हीर. ह्यो मधला बांध. आन ह्यो... ओढा का?"

"हो, ओढाच."

आत काका टीव्ही बघत होते. काकूंनी एकदा तिकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "बांध ओढ्याला मिळतो तिथं आता वर काय आलंय, ते दिसतंय का ह्याच्यात?"

"दिसेल की! काय होतं तिथे?"

"बाभळ व्हती."

मी हसले. "बाभळीसाठी एवढं, काकू?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि सांगितलं. पहिली मुलगी झाली होती त्यांना. थोडेच दिवस जगली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, हे मला माहीत होतं, आमच्याकडेही तसंच करतात. पण बाळंतिणीला कोणी सोबत नेत नाही, हे मी कधी डोक्यातच घेतलं नव्हतं. काकू आत खाटेवर होत्या. सासऱ्यांनी मुलीला फडक्यात गुंडाळून नेलं, आणि परत आल्यावर सासूबाईंनी फक्त एवढं सांगितलं की बाभळीखाली, बांध ओढ्याला मिळतो तिथं. पुढे शेतात भाकरी घेऊन जायला लागल्यावर काकू येता-जाता त्या बाभळीखाली बसायच्या. सावलीला बसलीये असंच सगळ्यांना वाटायचं, कोणी कधी काही बोललं नाही. नवऱ्यासोबतही त्या विषयावर बोलणं नाही. मग शेत विकलं. काकूंना कोणी विचारलं नाही. जेसीबी आला तेव्हा त्या भाच्याच्या लग्नाला माहेरी गेल्या होत्या. परत आल्या तर सगळं सपाट, भोवती पत्रे ठोकलेले.

"मला काय तिथं देऊळ बांधायचं नाय," त्या म्हणाल्या. "वर काय आलंय तेवढं सांग. बाग असंल तर लई बरं. कुनाचं स्वैपाकघर असंल तरी चालंल. फक्त ती संडासाची टाकी नको गं. गच्चीवरनं बघितलंय मी, ओढ्याकडंच कुठंतरी खांदली त्यांनी. तवापास्नं गच्चीवर गेलं की तिकडं बघवत नाय."

मी म्हणाले, काकू, आज रात्रीपर्यंत सांगते.

आता इथे थोडं तांत्रिक आहे, पण थांबा, याच्यावरच सगळं आहे. जुना नकाशा फोटोवर बसवायला दोन्हीकडे सापडतील अशा जागा लागतात. नकाशावर देऊळ, फोटोतही देऊळ, की तिथे खिळा ठोकायचा. अशा खिळ्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. मला पटकन सापडले तीन. मारुतीचं देऊळ, गावातली जुनी विहीर आणि ओढ्यावरच्या मोरीशेजारचा फाटा. तिन्ही ठोकले. सॉफ्टवेअर मग सांगतं की नकाशा किती चुकीचा बसला. माझ्याकडे आलं शून्य. शून्य! मी स्क्रीनशॉट काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, वर तीन नाचणारे इमोजी.

आणि बांध ओढ्याला मिळतो ती जागा कुठे आली, तर सोसायटीच्या बागेत. बाकाच्या मागे, एका बकुळीच्या झाडाशी.

मी चपला न घालता जिना उतरले. "काकू, बाग! बाग आहे वर!"

त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या. "नक्की?"

"नक्की. एरर शून्य आहे, काकू."

पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी गेलो. काकूंच्या हातात दुधाचा तांब्या, वर पदर. वॉचमनने विचारलं, "किस के यहाँ जाना है?" काकू मराठीतच म्हणाल्या, "बाळा, तू हे गेट लावलंस ना, त्याच्या आधीपास्नं मी इथं येती." त्याला किती कळलं कोण जाणे, पण त्याने गेट उघडलं. काकू झाडाखाली मांडी घालून बसल्या, दूध मुळाशी ओतलं आणि बोलायला लागल्या. मी सी-सॉपाशी उभी होते, ऐकू येऊ नये म्हणून मुद्दाम लांब. पण मधेच त्या हसलेल्या ऐकू आल्या. येताना मला म्हणाल्या, "नाक माझ्यावर गेलं व्हतं तिचं. चपटं."

त्यानंतर दर गुरुवारी तांब्या. आणि काकू बदलल्याच. मला रोज हाक, "ये गं, थालीपीठ केलंय." गच्चीवर पापड घालताना गुणगुणायच्या. एकदा मला वाटलं, मी या शिक्षणात जे काही केलंय त्यातलं हेच खरं कामाचं.

मग प्रोजेक्टचा रिव्ह्यू आला. आमच्या मॅडम नारायण पेठेतल्या आहेत, आणि ते त्यांना सांगावं लागत नाही. त्यांनी माझ्या स्लाइडवरचं शून्य बघितलं, चष्मा वर केला.

"वा. शून्य. अहो, आपण तर जगाच्या पुढे गेलात. किती पॉइंट घेतले?"

"तीन, मॅम."

"तीन. घरी तीन पायांचं स्टूल आहे का?"

"...आहे, मॅम."

"ते कुठेही ठेवा, डगमगत नाही. खड्ड्यात ठेवा, तरी डगमगत नाही. म्हणून फरशी सपाट आहे असं म्हणाल का आपण?"

सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसले. आणि हसता हसता मला कळलं. तीन खिळ्यांवर नकाशा नेहमीच बरोबर बसतो. एखादा खिळा चुकीच्या जागी असला तरी नकाशा मुकाट ताणला जातो आणि शून्यच दाखवतो. चौथा असला तरच खिळ्यांचं आपसातलं भांडण कळतं.

"चौथा पाय लावा," मॅडम म्हणाल्या, "मग बोलू."

बसमध्ये आईचा फोन आला. "काऊन वं, आवाज असा काऊन येऊन राह्यला?" मी म्हणाले, काही नाही, गर्दी आहे. बस अर्धी रिकामी होती.

तरी मी स्वतःला समजावत होते की तिन्ही पॉइंट पक्के आहेत. देऊळ, विहीर, फाटा. देऊळ कुठे जाणारे? मग त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात भंडारा होता, काका म्हणाले चल जेवायला. पंगतीत काका माझ्या शेजारी. पानावर बुंदी पडली आणि काका अगदी अभिमानाने सांगायला लागले, "हे देऊळ आम्हीच उभं केलं बरं का. जुनं पलीकडं व्हतं, रोड वाढवला तवा गेलं. आता डिव्हायडर हाय तिथं. मारुतीराया ट्रॉलीत बसून आले, पुढं बँड, मी ट्रॅक्टर चालवत व्हतो."

"पलीकडे म्हणजे किती, काका?"

"हे काय, रोड ओलांडून जरासं पुढं. खा की, बुंदी गार व्हती."

मी देवळावर खिळा ठोकला होता आणि देऊळ रस्ता ओलांडून आलं होतं.

घरी येऊन सगळं परत केलं. देऊळ काढून टाकलं. शाळेचा कोपरा घेतला, दुसरी मोरी घेतली, दोन बांध अजून भिंती होऊन उभे आहेत त्यांची टोकं घेतली. प्रत्येक ठिकाणी चालत जाऊन बघितलं, म्हाताऱ्या माणसांना विचारलं की हे हललंय का. आता शून्य आलं नाही. खरा आकडा आला, आणि खरा आकडा म्हणजे एक ठिपका नसतो, गोल असतो. जागा या गोलात कुठेतरी आहे, एवढंच नकाशा सांगतो.

गोल बागेत नव्हता. शेवटच्या टॉवरच्या मागे, ओढ्याच्या भिंतीला लागून. त्यात पार्किंगचा थोडा भाग, जनरेटरची खोली, भिंतीकडेची गवताची पट्टी. आणि एका बाजूने टाकीचा कोपरा आत आलेला. सोसायटीच्या सांडपाण्याची टाकी. पूर्ण नाही, कोपरा. मी पॉइंट बदलून बघितले, एकेक काढून बघितले. गोल इकडे सरकायचा, तिकडे सरकायचा, कोपरा काही बाहेर जाईना.

मॅडमना मी खरं कारण न सांगता विचारलं, "मॅम, गोल अजून लहान नाही का करता येणार?"

त्यांनी स्कॅन बराच वेळ बघितला. या वेळी टोमणा नाही. "मूळ कागद आकसलाय, घडीवर फाटलाय. त्याला जेवढं माहीत आहे तेवढं त्याने सांगितलंय. त्याच्या तोंडी आपण शब्द घालू नयेत."

मी काकूंना टाळायला लागले. त्यांच्या दारावरून चपला हातात घेऊन जायचे. थालीपीठ वर यायला लागलं, कोणाच्या तरी हातून, झाकून. एकदा खालून ओरडल्या, "रुसलीस काय गं?" मी म्हणाले, अभ्यास आहे. खरं तर मी ठरवून टाकलं होतं की सांगायचंच नाही. थिसिसमध्ये नवीन नकाशा जाईल, काकू थोड्याच थिसिस वाचणारेत? बकुळ आहे, बाक आहे, दूध ओततात, हसतात. कोणाचं काय बिघडतंय? अगदी पटलं होतं मला हे.

पण एका रविवारी त्या स्वतःच वर आल्या. चेहरा असा उजळलेला! काकांना सांगितलं होतं त्यांनी. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा दोघं तिच्याविषयी बोलले, आणि काका रडले म्हणे. आता दोघांनी ठरवलं होतं की सोसायटीला विचारून तिथे एक बाभळ लावायची. "ह्यांनी रोप बी आणलंय. तू फक्त मोबाइलवर नेमकी जागा दाव. खड्डा बरोबर तिथंच काढायचा."

मी हो म्हणाले आणि दार लावलं. मग दार उघडून त्यांच्या मागोमाग खाली गेले. त्या भाकरी थापत होत्या. मी धडाधड बोलत सुटले, तीन पॉइंट, देऊळ हललं, स्टूल, आकसलेला कागद...

"मला कळंल असं बोल."

"जागा चुकली, काकू. बाग नाहीये."

त्यांचा हात पिठात तसाच राहिला. "मंग?"

मी लॅपटॉप उघडला, गोल दाखवला. या वेळी त्यांनी बोट हवेत नाही धरलं, पिठाचं बोट सरळ स्क्रीनवर ठेवलं, बरोबर त्या कोपऱ्यावर. "हे काय हाय?"

मी लॅपटॉप जरासा माझ्याकडे ओढला.

"हे काय हाय, विचारती मी."

"टाकी."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, दोघींनाही वास येत होता.

"तुला कुनी सांगितलं व्हतं परत मोजायला?" आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "शून्य म्हनली व्हतीस तू. मी इचारलं नक्की का, तर म्हनलीस शून्य."

"हो, काकू."

"जा वर."

थालीपीठ बंद. पाणी कधी येणार हे सांगायला काका यायचे, तेही जिन्यातूनच बोलायचे. बाभळीचं रोप काळ्या पिशवीत नळाशेजारी पडून होतं, त्याला कोण पाणी घालत होतं मला माहीत नाही, पण ते वाळलं नाही. आणि गुरुवार आला, काकू तांब्या घेऊन निघाल्या नाहीत. मी खिडकीत उभी होते. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. माझा थिसिस त्या दिवसांत झपाट्याने पुढे जात होता, मॅडमनी "बरं आहे" असं लिहिलं, जे त्यांच्याकडून मिळतच नाही कोणाला. मी ते कोणालाही सांगितलं नाही. मी! जिच्या पोटात काही राहत नाही.

मग ऊन कडक पडायला लागलं आणि कुरडयांचे दिवस आले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, काकू चिकाचं पातेलं घेऊन वर आल्या. माझ्याकडे न बघता धोतराचं जुनं पान अंथरलं. वाऱ्याने एक टोक सारखं उडत होतं, त्या त्यावर वीट ठेवत होत्या. मग साचा तसाच हातात धरून कठड्याशी गेल्या. तिथून सोसायटीची मागची भिंत दिसते.

"टाकी मधे हाय का कडंला?"

मला आधी कळलंच नाही की माझ्याशी बोलतायत. "कडेला, काकू. कोपराच फक्त. बाकी गवत आहे, पार्किंग आहे."

"बागेत त्या झाडाखाली माझं समदं बोलून झालं," त्या म्हणाल्या. "तिच्या भावाचं लगीन सांगितलं, शेत गेलं ते सांगितलं. सासूबाई शेवटी कशा गेल्या ते सांगितलं. आता दुसरीकडं जाऊन परत तेच कसं बोलू? मला येनार नाय."

मी हातातला ओला कपडा परत बादलीत टाकला.

"कोपरा किती येतो त्या गोलात?"

"थोडासा."

"म्हंजी ती बाहेरच असनार."

"असेल, काकू. शक्यता जास्त तीच आहे."

"शक्यता नको. बाहेर हाय असं म्हन."

मला म्हणायचं होतं. दोन शब्दच तर होते. आणि माझ्या तोंडातून आधी एकदा किती सहज निघालं होतं, नक्की, शून्य, जिन्यात, अनवाणी. "काकू, मला नाही हो म्हणता येत," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी. मग परत भिंतीकडे.

"बरं. मंग मी म्हनती. टाकीच्या बाहेर हाय ती." साच्यात चीक भरायला त्या खाली बसल्या. "तू फक्त नाय म्हनू नको."

मी नाही म्हणाले नाही. वीट सरकली होती आणि धोतराचं टोक परत उडायला लागलं होतं, मी जाऊन ते पायाखाली दाबून धरलं. काकू कुरडया घालत होत्या. पहिली मोडली, तिचा चीक बोटाने गोळा करून त्यांनी पातेल्यात टाकला आणि परत घातली.